झेन, झुंज आणि तादोत्सुचे उपाध्याय

सांज, वांझ, झुंज आणि झेन. यांतले पहिले तीन शब्द अस्सल मराठी आणि चौथा जपानी, असे कुणीही म्हणेल. पण चारही शब्द घडले आहेत एकाच नियमाने. संस्कृतातला 'ध्य' प्राकृतात उतरला की त्याचा 'झ' किंवा 'ज्झ' होतो. संध्येची संझा झाली आणि मराठीत सांज राहिली. वंध्येची वंझा झाली, तिची वांझ. मध्यचे मज्झ झाले आणि ते आपल्या माजघरात टिकून राहिले. 'युध्यते'चे 'जुज्झइ' झाले, त्यातला हकार पुढे सरकून पहिल्या अक्षराला चिकटला आणि मराठीला 'झुंजणे' हे क्रियापद मिळाले. ध्यानही याच वाटेने गेले. प्राकृतात त्याचे झाण झाले, पालीत झान. हे झान भिक्षूंच्या तोंडून मध्य आशियामार्गे चीनला पोचले. तिथे ते 'चान-ना' असे दोन चित्राक्षरांत लिहिले जाऊ लागले. कालांतराने शेवटचा 'ना' गळाला आणि नुसता 'चान' राहिला. त्याचे कोरियात 'सन' झाले, व्हिएतनाममध्ये 'थिएन' आणि जपानमध्ये 'झेन'.

ध्यानाचा धातू 'ध्यै', झुंजीचा 'युध्'. दोघांचे रक्ताचे नाते नाही. पण ज्या प्राकृत जिभांनी एकाला घडवले त्यांनीच दुसऱ्यालाही घडवले, आणि पुढे हे दोन शब्द एकाच छपराखाली येऊन बसले. त्या छपराखालचे शब्द उलगडावेत म्हणून हा लेख. त्यासाठी मी निवडले आहेत सो दोशिन, जपानच्या शिकोकू बेटावरच्या तादोत्सु गावी 'शोरिन्जी केम्पो' ही मुष्टिविद्या स्थापन करणारे बौद्ध आचार्य. त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. त्यांच्या शिक्षणक्रमातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द मात्र आपल्या ओळखीचा निघतो.

ध्यानाचे आपल्याकडे काय झाले ते आधी पाहू. मराठीत ध्यान 'धरतात', ध्यानात 'ठेवतात', एखादी गोष्ट ध्यानीमनी नसताना घडते. वारकऱ्याच्या तोंडी ध्यान म्हणजे डोळ्यांपुढे उभे राहिलेले विठ्ठलाचे रूप. एकाग्र होण्याची क्रिया मागे पडली आणि ज्यावर एकाग्र व्हायचे ते रूपच ध्यान ठरले. पुढे तर 'काय ध्यान दिसतंय!' असे आपण गबाळ्या माणसालाही म्हणू लागलो. चीन-जपानमध्ये नेमके दुसरे टोक गाठले गेले. तिथे रूप मागे पडले आणि बसणे पुढे आले. 'झाझेन' म्हणजे बसून करायचे ध्यान. शब्द एकच, पण इथे तो डोळ्यांत गेला आणि तिथे पाठीच्या कण्यात.

सो दोशिन यांचा जन्म 1911 सालचा, ओकायामा प्रांतातला. आधीचे नाव नाकानो मिचिओमि. 'मिचिओमि' आणि 'दोशिन' ही दोन वेगळी नावे वाटतात, पण जपानीत ती एकाच चित्राक्षरजोडीची दोन वाचने आहेत. पहिले देशी वळणाचे, दुसरे चिनी वळणाचे. या जोडीतले पहिले अक्षर 'दो' म्हणजे मार्ग. चिनीत तेच 'ताओ'. या अक्षराकडे लक्ष असू द्यावे, ते पुढे फार मोठे काम करणार आहे.

वडील लवकर वारले. आजोबा मांचुरियात होते, त्यांच्याकडे हा मुलगा गेला आणि जपानी शस्त्रविद्येचे पहिले धडे तिथे मिळाले. 1928 मध्ये तो पुन्हा मांचुरियात गेला, या वेळी जपानी लष्कराच्या गुप्त कामगिरीवर. तिथे छन ल्यांग नावाच्या ताओपंथी पुरोहिताने त्याला चिनी मुष्टिविद्या शिकवायला घेतले. पुढे बेजिंगमध्ये वन ताइत्सुंग हे दुसरे गुरू भेटले आणि 1936 मध्ये ते त्याला सुंगशान पर्वतावरच्या शाओलिन मठात घेऊन गेले. या वर्षांची हकीकत मुख्यतः सो दोशिन यांनी स्वतः सांगितलेली आहे, त्यांची साक्ष म्हणूनच ती वाचावी. पण शाओलिनमध्ये त्यांनी जे पाहिल्याचे सांगितले, ते आजही तिथे पाहता येते. श्वेतवस्त्रा क्वान-यिनच्या दालनातल्या भिंतीवर भिक्षूंच्या कवायतीचे मोठे चित्र आहे. काही भिक्षू गोरे, काही सावळे, आणि ते जोडी-जोडीने समोरासमोर उभे राहून डाव टाकताहेत. हे चित्र छिंग काळातले, म्हणजे फार जुने नव्हे. 1928 साली मठाला लागलेल्या मोठ्या आगीतून ते वाचले. पंचविशीतल्या त्या तरुणाच्या मनात ते चित्र दोन कारणांनी ठसले. एक तर सावळे भिक्षू त्याला भारतीय वाटले. दुसरे म्हणजे ते एकमेकांना हरवत नव्हते, एकमेकांकडून शिकत होते.

'शोरिन्जी' हे 'शाओलिन-स'चेच जपानी वाचन. 'स' म्हणजे मठ, 'लिन' म्हणजे वन, आणि 'शाओ' हे शाओश या डोंगराचे नाव. त्या डोंगराखालच्या रानातला मठ, इतका साधा अर्थ. मठाची स्थापना 495 ची. उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो बांधला एका भारतीय भिक्षूसाठी. चिनी ग्रंथांत त्याचे नाव बातुओ असे येते. 'भद्र'चे ते चिनी रूप असावे. हा बातुओ ध्यानमार्गी होता, त्याने कुणाला ठोसे शिकवल्याचे कुठल्याही जुन्या ग्रंथात नाही.

इथे बोधिधर्माचा विषय निघणारच. दक्षिण भारतातला राजपुत्र, शाओलिनमागच्या गुहेत नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसलेला, आळसावलेल्या भिक्षूंना व्यायाम शिकवून कुंग-फूचा पाया घालणारा, अशी त्याची कथा जगभर सांगितली जाते. आपल्याकडे तर ती अभिमानाने सांगितली जाते. 2011 च्या एका तमिळ चित्रपटाने तिला पुन्हा उजाळा दिला. सो दोशिन यांचाही तिच्यावर विश्वास होता. मला ती कथा प्रिय आहे, पण ती इतिहास म्हणून सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख 547 च्या सुमाराचा, लोयांगच्या मठांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथातला. त्यात तो पश्चिमेकडून आलेला वृद्ध भिक्षू आहे आणि एका स्तूपाचे सौंदर्य पाहून थक्क होतो. त्याच्या नावावर खपवलेला 'यीचिन चिंग' म्हणजे स्नायुपरिवर्तनाचा ग्रंथ आहे 1624 च्या सुमाराचा, आणि त्याची सातव्या शतकातल्या एका सेनापतीच्या नावाने जोडलेली प्रस्तावनाही बनावट. ग्रंथातला व्यायाम ताओपंथी वळणाचा आहे. बोधिधर्म आणि हा ग्रंथ यांच्यात हजार वर्षांहून जास्त अंतर पडते.

शाओलिनचे भिक्षू लढले हे मात्र खरे. 621 मध्ये थांग घराण्याच्या बाजूने ते एका बंडखोर सेनानीविरुद्ध उतरले. तेरा भिक्षूंचा गौरव झाला आणि 728 च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. सोळाव्या शतकात किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांविरुद्धही ते लाठ्या घेऊन गेले. त्यांची लाठी चीनची, मूठ चीनची. मग भारतातून तिथे काय गेले? माझे उत्तर आहे: शब्द गेले. कुणाला हे थोडे वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण त्या शब्दांनीच मुठीला बांधून ठेवले.

शाओलिनच्या लाठीचा देवच घ्या. 1517 च्या तिथल्या शिलालेखात मठरक्षक देवाचे नाव येते 'नालोयान'. हा आपला नारायण! बौद्ध परंपरेत तो अचाट बळाचा रक्षक देव, हाती वज्र घेणाऱ्या वज्रपाणीचाच एक अवतार मानला गेला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशी पद्मपाणीच्या जोडीला जो वज्रपाणी म्हणून ओळखला जातो, त्याच कुळातला. पुढच्या शतकात लाठीवर ग्रंथ लिहिणारा छंग त्सुंगयो त्या देवाला 'चिन्नालो' म्हणतो, म्हणजे किन्नर. नारायणाचा किन्नर कसा झाला? दोन्ही नावांच्या पोटात 'नालो' आहे, त्यातून हा पालट झाला असावा. दंतकथेत हा देव मठाच्या मुदपाकखान्यात राबणारा साधा सेवक होता. लुटारू चालून आले तेव्हा त्याने चुलीतले लाकूड उपसले आणि डोंगराएवढा होऊन उभा राहिला. स्वयंपाकघरातला माणूस वेळ आल्यावर देव निघतो, ही गोष्ट पंढरपूर-पैठणच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. श्रीखंड्याची कावड आपण विसरलेलो नाही.

सो दोशिन यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ऑगस्ट 1945 मध्ये. सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्या आणि जपानी नागरिक वाऱ्यावर पडले. कायदा, पद, राष्ट्र यांपैकी काहीच कामाला येत नाही, सगळे शेवटी समोरच्या माणसाच्या लायकीवर ठरते, हे त्यांनी तिथे पाहिले आणि पुढे आयुष्यभर सांगितले. 1946 मध्ये ते मायदेशी परतले. देश हरलेला, तरुण मुले काळ्या बाजारात आणि टोळ्यांत. ते तादोत्सुला स्थिरावले आणि ऑक्टोबर 1947 मध्ये राहत्या घरात शिकवू लागले. शिकवायचे होते बुद्धाचे म्हणणे. पण नुसत्या प्रवचनाला मुले येईनात, तेव्हा त्यांनी हातात मूठ घेतली. परकीय अमलात युद्धविद्येवर निर्बंध होते. त्यांनी संस्थेला धर्मपंथाचे रूप दिले, ते 1951 मध्ये नोंदले गेले. नाव ठेवले 'कोंगो झेन'.

कोंगो म्हणजे वज्र. चिनी भाषांतरकारांनी वज्रासाठी 'चिन-कांग' हा जोडशब्द बनवला, कठीण धातू अशा अर्थाचा, त्याचे जपानी वाचन कोंगो. इंद्राच्या हातातली वीज आणि कशानेही न फुटणारा हिरा, हे वज्राचे दोन्ही अर्थ त्यात उतरले. आपल्या वज्रमुठीतले, वज्रलेपातले, वज्रासनातले वज्र ते हेच. म्हैसूरच्या दसऱ्यात जेठी मल्ल 'वज्रमुष्टी' नावाची कुस्ती खेळतात. नावसाम्यावरून तीच शाओलिनची आई असे काही जण म्हणतात. त्याला पुरावा नाही. नाव एका घरातून आले म्हणून विद्याही त्याच घरातून आली असे होत नाही, आणि शब्दांचा नाद असणाऱ्यांनी तरी हा मोह आवरावा.

'केम्पो'मधला 'केन' म्हणजे मूठ आणि 'हो' म्हणजे पद्धत, नियम. याच 'हो'साठीचे चित्राक्षर बौद्ध ग्रंथांत 'धर्म' या शब्दासाठी वापरले जाते. सो दोशिन यांचे एक सूत्र होते 'केन्झेन इचिन्यो', मूठ आणि ध्यान यांची एकच तथता. शेवटचा 'न्यो' म्हणजे तथागतातला 'तथा'. दुसरे सूत्र 'रिकीआय फुनी', शक्ती आणि प्रेम दोन नव्हेत. 'फुनी' हे 'अद्वय'चे भाषांतर. अद्वैताची चर्चा आपण ज्ञानेश्वरांपासून ऐकत आलो, पण हात पिरगाळायला शिकवताना कुणी ती काढलेली मी दुसरीकडे वाचली नाही.

आता त्यांच्या वर्गात जाऊ. वर्ग भरतो त्या जागेला म्हणतात 'दोजो'. आपल्याकडे कराटेच्या क्लासमुळे 'डोजो' गल्लोगल्ली पोचला आहे, आणि त्याचा अर्थ 'जपानी आखाडा' इतकाच सांगितला जातो. मूळ शब्द आहे 'बोधिमंड'. तुपावरचा किंवा पेजेवरचा सारभूत थर म्हणजे मंड. बोधिमंड म्हणजे बोधीचे सार जिथे गवसले ती जागा, बोधगयेच्या पिंपळाखालची. चिनी भाषांतरकारांनी बोधीसाठी 'ताओ' हा आपल्याकडचा भारदस्त शब्द घेतला आणि मंडासाठी 'छांग', म्हणजे मोकळी जागा, पटांगण. 'ताओ-छांग'चे जपानी वाचन 'दोजो'. त्यातला 'दो' सो दोशिन यांच्या नावातलाच. आधी हा शब्द धर्मविधीच्या आणि ध्यानाच्या दालनासाठी होता, कुस्ती-तलवारीच्या जागेला तो बराच नंतर लागला. कुमारजीवाने चिनीत आणलेल्या 'विमलकीर्तिनिर्देशा'त बोधिमंड म्हणजे काय यावर एक सुंदर चर्चा आहे. तिचा रोख असा की ती जागा कुठल्या गावात नसते, सरळ मनात असते.

आपल्या आखाड्याचा उगम मात्र वेगळाच. तो 'अक्षवाटा'तून आला. अक्ष म्हणजे फासे, वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. फासे खेळायचे आवार ते मल्लांचे आवार, असा त्याचा प्रवास. आणि तोच शब्द नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभात शस्त्रधारी साधूंच्या संघटनेला लागतो. म्हणजे मठ आणि तालीम एकाच नावाखाली नांदवण्याची रीत आपल्याकडेही होती. 'तालीम' अरबी, मूळ अर्थ शिकवणे. 'वस्ताद' फारसीतला उस्ताद. 'पैलवान'ही फारसी. 'कसरत' अरबी, मूळ अर्थ विपुलता, म्हणजे एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणे. 'कुंग-फू' या चिनी शब्दाचा मूळ अर्थही असाच, दीर्घकाळ केलेली मेहनत आणि तिच्यातून आलेले कसब. त्यात लढाई कुठेच नाही. चांगला स्वयंपाकी, चांगला सुलेखनकार यांचेही कुंग-फू असते. तालमीतला जुना माणूस 'त्याची मेहनत आहे' असे म्हणतो, तेच.

वर्गाच्या सुरुवातीला सगळे मिळून फरशी पुसतात, यात काळा पट्टा आणि पांढरा पट्टा असा भेद नाही. मग 'गास्शो', म्हणजे तळवे जोडणे. ही आपली अंजली. बोटे डोळ्यांच्या उंचीला, कोपरे बाहेर, पाठ ताठ. शोरिन्जीमध्ये कमरेतून वाकत नाहीत, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हात जोडतात. त्यानंतर बसून पाठांतर. त्यातला एक भाग धम्मपदातल्या 'अत्तवग्गा'वर बेतलेला आहे, आपला आधार आपणच, या आशयाचा. म्हणजे जपानमधला शाळकरी मुलगा ठोसा मारण्याआधी जे पुटपुटतो, त्याचे मूळ पाली महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत वाचले जाते. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर 'धम्म', 'भन्ते', 'विहार', 'उपासक' हे शब्द मराठीत नव्याने राहायला आले. सातासमुद्रापार तेच शब्द चिनी-जपानी पोशाखात त्याच सुमारास एका खेड्यातल्या मुलांना शिकवले जात होते.

मग डाव. ते तीन प्रकारचे: मारण्या-अडवण्याचे कठीण, पकडीतून सुटण्याचे मऊ, आणि शरीर ठिकाणावर आणण्याचे, म्हणजे उपचाराचे. हा तिसरा प्रकार आपल्या वस्तादांनाही नवा नाही. हाड बसवायला लोक तालमीतच जात. डावांच्या गटांना दिलेली नावे पाहिली की कुणाच्या घरात आपण आलो आहोत ते कळते. 'राकान-केन', म्हणजे अर्हताची मूठ (अर्हत, अलोहान, लोहान, राकान असा तो प्रवास). 'ब्याकुरेन-केन', पांढऱ्या कमळाची, पुंडरीकाची. 'र्युओ-केन', नागराजाची, कारण चिनी भाषांतरकारांनी नागासाठी त्यांच्याकडचा उडता सर्प वापरला. नवशिक्याला पहिल्यांदा शिकवतात तो डाव याच गटातला. समोरच्याने मनगट पकडले आहे. ओढाताण करायची नाही. पकडलेल्या हाताची बोटे ताठ पसरायची, कोपर अंगाजवळ घ्यायचे, मोकळ्या हाताने समोरच्याच्या डोळ्यांच्या दिशेने एक झटका द्यायचा आणि तो दचकला की त्याच्या अंगठ्याच्या बाजूने मनगट सोडवायचे. पकड कितीही घट्ट असली तरी तिची फट अंगठ्यापाशी असते. लहान अंगाच्या मुलीलाही हे जमते, आणि ते जमल्यावर तिच्या तोंडावर जे दिसते त्यासाठीच तो डाव पहिला ठेवला असावा.

तो झटका आणि सुटका यांच्यामध्ये जो काळ जातो त्याला जपानीत 'सेत्सुना' म्हणतात. हा आपला क्षण. बौद्ध परंपरेत एका टिचकीत 65 क्षण मोजले आहेत. संस्कृतात क्षण म्हणजे उत्सवही, आणि तो प्राकृतातून मराठीत 'सण' होऊन आला. दिवाळीचा सण आणि जपानी पटाईताची सेत्सुना ही सख्खी भावंडे.

डाव जोडीने शिकायचे, कारण भिंतीवरच्या त्या चित्रात भिक्षू जोडीने होते. जोडी जुळली, एकाचा श्वास दुसऱ्याला कळू लागला की जपानी माणूस म्हणतो 'आउन'चा श्वास जुळला. देवळाच्या दाराशी 'नीओ' नावाचे दोन वज्रधर उभे असतात, एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. नारा येथील तोदाईजीच्या दारातली जोडी 1203 सालची, आठ मीटरहून उंच, लाकडाची. उघड्या तोंडाचा म्हणतो 'अ', मिटल्या तोंडाचा 'हूं'. वर्णमालेचा आरंभ आणि शेवट. हे अक्षरांचे वेड जपानमध्ये रुजवण्यात मोठा वाटा कूकाई या आचार्याचा. तो 774 मध्ये जन्मला झेंत्सुजीला, तादोत्सुच्या अगदी शेजारी. संस्कृत बीजाक्षरांची 'सिद्धम्' लिपी त्याने चीनहून आणली आणि ती तिथल्या देवळांत अजून लिहिली जाते. आपल्याकडे जुन्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरांची सुरुवात 'ॐ नमः सिद्धम्'ने होई. तिचा 'ओनामा' झाला आणि अजून आपण कामाचा ओनामा करतो.

आता गुरूला काय म्हणायचे? रोजच्या बोलण्यात 'सेन्सेई', म्हणजे आधी जन्मलेला. आपला 'वडील' हा शब्दही आधी वयाने मोठा इतकाच होता, 'वडील भाऊ' यात तो तसा राहिला आहे. पण सो दोशिन यांच्या बाबतीत आणखी एक शब्द आला. एप्रिल 1979 मध्ये ते शाओलिनला पुन्हा गेले, त्रेचाळीस वर्षांनी. 12 मे 1980 रोजी ते वारले आणि त्याच वर्षी मठात त्यांच्या पुनरागमनाचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. त्यावर त्यांचा उल्लेख आहे 'महा-हशांग'. हे 'हशांग' म्हणजे उपाध्याय! ज्याच्याजवळ बसून शिकायचे तो. प्राकृतात त्याचा 'उवज्झाय' झाला (पुन्हा तोच 'ध्य'चा 'ज्झ'), आणि जैनांच्या णमोकार मंत्रात तो आजही रोज म्हटला जातो. उत्तरेत त्याचे 'ओझा' झाले, मिथिलेत 'झा'. मध्य आशियातल्या बौद्ध नगरांत त्याचे रूप इतके बदलले की चिनी कानांनी ते 'हशांग' असे टिपले. जपानी वाचन 'ओशो'. पुण्याच्या कोरेगाव पार्कने हा शब्द आपल्या परिचयाचा केला. रजनीशांनी 1989 मध्ये ते नाव घेतले, त्याचा उलगडा त्यांच्या परंपरेत वेगळाही केला जातो. झेन मठातला 'ओशो' मात्र निःसंशय उपाध्याय आहे.

म्हणजे ज्याने आयुष्यभर मुठी शिकवल्या त्याला शाओलिनच्या दगडावर पदवी मिळाली अध्यापकाची. सो दोशिन यांना ती शोभते. त्यांच्या संस्थेत वरचा पट्टा मिळवायला डाव दाखवून भागत नाही, लेखी उत्तरे लिहावी लागतात: हा शब्द का, हे सूत्र का, बळ कशासाठी. गणवेशावर छातीशी स्वस्तिक होते, बौद्ध 'मांजी'. युरोपात त्याचा भलताच अर्थ लावला जातो म्हणून 2005 मध्ये ते बदलून दोन वर्तुळांचे चिन्ह घेतले. त्याबद्दल वाईट वाटते. पण ज्यांनी त्या चिन्हाखाली माणसे गमावली त्यांच्या देशांत शिकवायचे तर तो निर्णय योग्यच होता.

आता थोडे आपल्या तालमींविषयी. आपल्या कुस्तीच्या चार तऱ्हा भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती, जरासंधी. ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा, धोबीपछाड ही डावांची नावे. यांत संस्कृत आहे, फारसी आहे, परटाच्या घाटावरचे आहे, रानातल्या मोळीचे आहे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' काढून पुष्कळ सामग्री जपली. पण अमुक डावाला हे नाव का पडले, दुसऱ्या गावात त्याला काय म्हणतात, हे अजून वस्तादांच्या तोंडीच आहे, आणि ते वस्ताद आता थकले आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, कुठल्याही तालमीत तुमचा भाऊ, मुलगा, पुतण्या जात असेल तर त्याच्याबरोबर एक वही द्या. डावाचे नाव, तो कुणी शिकवला, वस्तादांनी त्या नावाचा काय अर्थ सांगितला, एवढे तीन रकाने पुरेत. कराटेला जाणाऱ्या मुलीच्या सेन्सेईंनाही 'डोजो'चा अर्थ विचारा. त्यांना ठाऊक नसेल, तर तो बोधगयेच्या पिंपळापासून सुरू होतो हे तिनेच त्यांना सांगावे.